हळद्याचा अर्धा खोपा

विहिरीला अजून कठडाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर थोरोबा सुगरणाच्या खोप्यांची मोठी वस्ती होती. समोरच्या शिंदीवर हळद्या नावाचा तरणा सुगरण एकटाच खोपा विणत होता. सुगरणांची रीत अशी, की नराने अर्धा खोपा विणायचा आणि मादीने पसंत केला तरच पुरा करायचा. हळद्याचे दोन वर्षांचे अर्धे खोपे तसेच लोंबकळत वाळले होते.

यंदा त्याने हिरवं गवत चिरून एकेक गाठ आवळली. थोरोबा हसला, "अरे पोरा, खोपा बांधतोयस की किल्ला?"

एक मादी आली. तिने खोप्याला लोंबकळून पाहिलं, चोचीने हिसके दिले. "झकास विणलायस रे. थोरोबाच्या खोप्यातून तर वारा जातो."

"मग राहा की!"

"कशी राहू? माझ्या बहिणी सगळ्या तिकडे. साप आला तर तिथे पन्नास जणी ओरडतात. इथे कोण ओरडणार?" आणि ती बाभळीवर गेली.

चौथ्या दिवशी भर दुपारी वस्ती पेंगत असताना बाभळीवर धामण चढू लागली. समोरून ती एकट्या हळद्याला दिसली. त्याने एकदा आपल्या रिकाम्या खोप्याकडे पाहिलं. मग जीव तोडून ओरडला. वस्ती जागी झाली, एकच कल्ला उठला आणि धामण पाण्यात पडली. पहिली हाक कुणाची, हे कुणी विचारलंच नाही.

संध्याकाळी तीच मादी शेजारणीला म्हणाली, "बघ, या झाडासारखं सुरक्षित झाड नाही."

हळद्याने ते ऐकलं आणि बाभळीवर नेऊन विणावा म्हणून आपला खोपा उसवायला घेतला. पण पहिलीच गाठ सुटेना.