कुंभारणीची माती

“…पण सर, विमान आपलं आपण उडत असेल, तर मी हात लावून बसायचं कशाला?”

प्रश्न ओजस पितळेचा. खानदेशातल्या एका माळावर विमान चालवायला शिकवतात, तिथला हा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच पटलेलं. आज तो पहिल्यांदा एकट्यानं लांबवर जाणार होता. आईवडील फाटकाशी येऊन थांबले होते. घोडं अडलं होतं एका सहीपाशी.

सही करणारे शिक्षक हुसेन दळवी विमानाच्या पंखाखाली स्टूल टाकून बसले होते. वय सत्तर. पेन खिशात.

“आपलं आपण म्हणजे कसं? सांग.”

“जायरो सांगतो विमान किती कललंय. पंखाखालची नळी वारा मोजते, त्यावरून वेग. आपण दिलेल्या आकड्यांशी कॉम्प्युटर ते ताडून बघतो. फरक पडला की मोटर शेपटीची पाती हलवते. माणसाला इतकं झटपट जमणार नाही.”

“आणि नळीच खोटं बोलली तर?”

ओजस हसला. म्हाताऱ्याचा यंत्रांवर दात आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तीन आठवडे सही उगाच लांबली नव्हती.

“विमान तपासलंस?”

“सगळं. कागदावर खुणा केल्यात.”

दळवी उठले. खिशातून खराट्याची काडी काढली, नळीच्या तोंडात फिरवली. तळहातावर चिमूटभर माती पडली.

“कुंभारीण माशी. घर बांधत होती.”

“समज, नळी बुजलेली. तू चढतोयस. काटा म्हणतो, वेग वाढतोय. तुझा कॉम्प्युटर काय करील?”

“वेग कमी करायला… नाक वर करील.”

“काटा तरी वाढतोच आहे.”

“आणखी वर.”

“मग?”

मग विमान दगडासारखं खाली येतं. परीक्षेत हे लिहून ओजसनं पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

“काल दुपारी उतरल्यावर नळीला लाल टोपी कुणी घालायची होती?”

“मी…” त्याचा चेहरा उतरला. फाटकाकडे बघायची त्याला लाज वाटली. मग नजर त्या काडीवर गेली आणि तिथंच खिळली.

“काडी तुमच्या खिशात आधीपासून कशी, सर?”

दळवींनी काडी पुन्हा खिशात ठेवली.

“तुम्हीच भरलीत ही माती! मला अडवायला!”

दळवींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पेन काढलं. परवानगीचा कागद मांडीवर ठेवून सही केली आणि त्याच्या हातात दिला.

ओजस कागदाकडे बघतच राहिला. “म्हणजे… जाऊ मी?”

“जा की,” दळवी पुन्हा स्टुलावर टेकले. “पण विमानाला भोकं पुष्कळ असतात, बेटा. मी आणखी कुठं काय भरलंय, तुला काय माहीत?”