डिंकवाटीची विहीर

कुडवण गावाच्या वेशीवरच्या विहिरीला डिंकवाटीची विहीर म्हणतात. पाहुणे जवळपास डिंकाचं झाड शोधतात. झाड कधीच नव्हतं, असं गावातले रखमाजीकाका सांगतात. ते एका साहेबाचं आडनाव.

इंग्रजांच्या काळात एका साली म्हणे गावात पटकीची साथ होती. गावातल्या ठकूबाईचा नवरा त्यातच गेला. तशात एक गोरा साहेब दुभाष्याला घेऊन आला आणि विहिरीत औषध ओतून मोकळा झाला. पाणी तांबडंलाल झालं. विष घातलं, अशी आवई उठली आणि लोक ओढ्याचं पाणी भरू लागले. साहेब पुन्हा आला, तेव्हा ठकूबाई कोयता घेऊन विहिरीच्या काठावर बसली होती.

"नाव काय याचं?" तिने विचारलं.

"ड्रिंकवॉटर," दुभाष्या म्हणाला. "म्हणजे पाणी पिणारा."

"नाव सांगतोस का आम्हाला पाणी पाजायला बघतोस?"

दुभाष्याने नावाबद्दल विचारलं, तसं साहेबाने सांगितलं. त्याच्या मुलखात फार पूर्वी अशीच साथ आली होती. पाणी शेंदून देणाऱ्या एका म्हाताऱ्यावर विष घातल्याचा आळ आला. तो सगळ्यांसमोर तेच पाणी प्याला. तेव्हापासून त्याच्या घराण्याला हे नाव पडलं.

ठकूबाईचा विश्वास बसला नाही. असली गोष्ट कुणालाही रचता येते. "मग हाही पिऊ दे," ती म्हणाली.

साहेब ओंजळीने प्याला. दिवस मावळेपर्यंत तिने त्याला समोर बसवून ठेवलं, त्याच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. तो धडधाकट उठून गेला. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तीही घोटभर प्याली.

पुढे थोड्याच दिवसांत निरोप आला, की साहेब घाटाखालच्या छावणीत पटकीने गेला. विहिरीनेच मारला, गाव म्हणालं. विहीर बुजवायला माणसं दगड घेऊन निघाली. ठकूबाई आडवी आली.

"त्याच दिवशी मीही प्यालेय. मी उभी आहे ना?"

"तू प्यालीस, हे पाहिलं कुणी?" दीर म्हणाला.

तिने घागर शेंदली आणि सगळ्यांदेखत पाणी प्याली. गाव वाट बघत राहिलं. रोज सकाळी ती तशीच प्यायची, आणि रोज माणसं तिला निरखून जायची. शेवटी दिरानेच घागर पुढे केली. ओढ्याचं पाणी पिणं सुटलं, तशी साथही ओसरली. साहेबाची गोष्ट खरी होती का, हे मात्र ठकूबाईला कधी कळलं नाही.

आजही कुडवणात पाणी देणारा आधी स्वतः घोट घेतो, मग तुम्हाला देतो. तुम्ही प्यालात तरी तो तांब्या घेऊन लगेच आत जात नाही. थोडा वेळ तुमच्या तोंडाकडे बघत थांबतो.