खड्ड्यावरची फांदी

मुलांनो, एका जंगलाच्या कडेला, पाणवठ्याच्या थोडे अलीकडे, एका साळिंदराचे रताळ्यांचे शेत होते. पाण्यावर जाणारी जनावरे त्या शेतातूनच जात. तसे जा म्हणून कोणी सांगितले नव्हते आणि कोणी अडवलेही नव्हते. वाटा बहुधा अशाच पडतात. साळिंदर रताळी काढी तेव्हा मागे खड्डे राहत. ते बुजवून होईपर्यंत कोणाचा पाय आत जाऊ नये म्हणून प्रत्येक खड्ड्यावर ते बोराटीची काटेरी फांदी आडवी टाकी. काटे दिसले की जनावरे वळून जात.

रोज सकाळी एक म्हातारी हरिणी त्या वाटेने येई. तिचे गुडघे धरले होते. पाणवठ्याची दुसरी वाट खडकांतून होती, आणि तिथे बिबट्याची बैठक असे. हरिणी बांधावर थांबून विचारी, "काय बाबा, यंदा रताळी गोड की नुसतीच जाड?" साळिंदर म्हणे, "गोड असती तर डुकराने ठेवली असती का, आजी?" साळिंदराशी एवढे बोलणारे दुसरे कोणी नव्हते. अंगावर काटे असले की फारसे कोणी जवळ बसत नाही.

एके दिवशी रानडुक्कर त्या शेतात शिरले. आपण पाण्यालाच निघालो होतो, असे त्याचे म्हणणे. तोंडात रताळे होते, ही गोष्ट वेगळी. खाण्याच्या नादात त्याने फांदी बाजूला सारली आणि खड्ड्यात पाय मोडून घेतला. प्रकरण न्यायाधीश कोल्ह्याकडे गेले. कोल्ह्याला कायदा तोंडपाठ होता, आणि कायद्यापलीकडचे काहीच येत नसल्यामुळे निकाल द्यायला त्याला वेळ लागत नसे.

"तिथे खड्डा आहे, हे तुला ठाऊक होते?" कोल्ह्याने विचारले.

"ठाऊक होतं म्हणून तर फांदी टाकली, महाराज," साळिंदर म्हणाले.

"झाले तर! फांदी हाच पुरावा. धोका माहीत असून तू लोकांना येऊ दिलेस. माहीत नसता तर सोडून दिले असते."

"पण मी यांना बोलावलं नव्हतं."

"अडवलेही नाहीस. पुन्हा तुझ्या हद्दीत कोणाला नुसते खरचटले, तरी शेत जाईल."

"आणि माझ्या रताळ्यांचं काय?" रानडुक्कर कण्हत म्हणाले. पाय बरा होईपर्यंत ती घरपोच करण्याचा हुकूम झाला.

साळिंदराने शेताभोवती बोराटीचे दाट कुंपण घातले. सकाळी हरिणी आली आणि थबकली.

"मी कधी तुझी तक्रार करीन का रे?"

"तू नाही करणार, आजी. तुझा नातू करील. त्याला सुचलं नाही, तर कोल्हा सुचवील." साळिंदराने मान खाली घातली. "माझं एवढंच शेत आहे गं."

हरिणीने कुंपण नीट पाहिले. "छान घातलंस. तुझं काम नेहमीच पक्कं," ती म्हणाली आणि लंगडत खडकांच्या वाटेला लागली. थोडे दिवस तिचे निभले. मग एका सकाळी खडकांपाशी तिचे खूर तेवढे सापडले.

साळिंदर आपणहून कोल्ह्याकडे गेले. "महाराज, आजी माझ्यामुळे गेली. मला शिक्षा करा."

"कुठे मेली?"

"खडकांत."

"मग ती तुझ्या हद्दीबाहेर मेली," कोल्हा म्हणाला. "कुंपण शाबूत, फांद्या जागच्या जागी. तू निर्दोष आहेस. सगळे तुझ्यासारखे वागले, तर मला कामच उरणार नाही."

साळिंदर घरी आले. त्या वर्षी शेत कोणी तुडवले नाही, रताळी कोणी चोरली नाहीत. ती जमिनीतच कुजली. काढायला साळिंदर गेलेच नाही.

तात्पर्य : वाट देणाऱ्यालाच ठेचेचा दंड केला, की वाटा बंद होतात, आणि बंद वाटेपायी जो जिवाला मुकतो, त्याचा गुन्हेगार कोणत्याच कायद्याला सापडत नाही.