स्वच्छ चंबू

"खंडूला माझ्या खोलीतून केव्हा काढताय, आप्पाजी?"

आप्पाजी स्वामींनी शेगडीवर पाणी तापत ठेवले. संन्यास घेण्यापूर्वी ते बावीस वर्षे प्लास्टिकच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. मठामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची छोटी प्रयोगशाळा अजून चालू होती. विश्वस्तांना ती खटकत असे. पण टाकी गळू लागली की लुकण तिथूनच मिळे, म्हणून त्यांनी ती अध्यात्मात धरली होती.

"आजच सांगा. नाहीतर संध्याकाळच्या एसटीने मी निघालो," त्यांचा शिष्य पद्मनाभ म्हणाला.

त्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. तर्कशास्त्रातले सुवर्णपदक सगळ्यात वर होते.

"काय करतो खंडू?"

"घोरतो. ध्यानात खोकतो. पोथीवर चहाचा कप ठेवतो! मला माझ्या बरोबरीचं कुणी द्या."

"बरं..."

आप्पाजींनी काचेचा चंबू पुढे केला. चंबू लख्ख होता. पद्मनाभला स्वच्छता आवडे. त्याने तसे बोलूनही दाखवले.

आप्पाजींनी चंबूतल्या द्रावकात पांढरे स्फटिक विरघळवले. वर साखळी सुरू करून देणारी चिमूटभर पूड टाकली.

"हे मोनोमर. सुटे मणी म्हण. सगळे एकाच जातीचे, तुला हवे तसे. गरम पाण्यात धरून बस. मणी जोडले जाऊन साखळी झाली, की द्राव दुधासारखा होईल. झाला, की खंडूला काढतो."

पद्मनाभ बसला.

जेवणाची घंटा झाली. तो उठला नाही. द्राव पाण्यासारखा नितळ होता.

"आप्पाजी, हे बिघडलेलं दिसतंय."

"छे. अगदी शुद्ध आहे."

आप्पाजींनी तपकिरी बाटलीतले दुसरे मोनोमर चंबूत ओतले. पद्मनाभने नाक धरले.

"याला वास येतो!"

"येतो."

थोड्या वेळाने द्राव गढूळला. मग पांढरा झाला. तळाशी साका बसू लागला.

"एक हा, एक तो... पुन्हा एक हा, एक तो," आप्पाजी म्हणाले. "दोन जातींची मिळून साखळी झाली, की तिला कोपॉलिमर म्हणतात. हे स्फटिक सहसा आपल्या भावाशेजारी बसत नाहीत."

पद्मनाभने बराच विचार केला. तर्क त्याचा विषयच होता.

"समजलं. मी स्फटिक. खंडू ते वासाचं पाणी."

"गेल्या सोमवारी खंडू आला होता. त्यालाही वेगळी खोली हवी होती."

"खंडूला? ...कुणापासून?"

आप्पाजींनी तपकिरी बाटलीला बूच लावले.

पद्मनाभच्या हातातला चंबू आता कोमट झाला होता.

"त्यालाही हे दाखवलंत?"

"हाच चंबू."

"मग... त्याने स्वतःला काय म्हटलं? स्फटिक, की पाणी?"

"त्याने चंबू धुऊन ठेवला."