यसबाचं पांढरं घर

एका गावात एक भोळा अध्यक्ष होता. यसबा त्याचं नाव. जत्रा कमिटीच्या अध्यक्षपदावरून दोन भावक्या डोकी फोडायला निघाल्या, तेव्हा गावानं हार यसबाच्या गळ्यात टाकला. मुदत पुढच्या जत्रेपर्यंत.

त्याची बायको सारजा तेव्हा घर बांधत होती. म्हणजे स्वतः माती तुडवत होती. लग्नापासून दिराच्या पडवीत राहिलेली बाई. घरभरणी करायची आणि आपल्या चुलीवर दूध उतू घालायचं, एवढंच तिच्या मनात.

यसबा गुरुजींकडे गेला. "गुरुजी, अध्यक्षानं करायचं काय?"

गुरुजी वर्गात अमेरिका शिकवून आले होते. म्हणाले, "तिकडं सभेचा ठराव अध्यक्षाला पटला नाही, तर तो सही करत नाही. परत पाठवतो."

"कळलं."

घरी कौलांची गाडी आली. गाडीवान म्हणाला, सही करा. यसबानं गाडी परत पाठवली.

"अहो, का?" सारजा ओरडली.

"पटली नाहीत. लाल होती."

"मग काय हिरवी असतात?" सारजा गाडीमागं वेशीपर्यंत पळाली.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे, त्याचं सगळंच चालत नाही. तीनातल्या दोघांनी उलट हात वर केले, की गप्प बसावं लागतं."

"कळलं."

भर दुपारी तीन चोर नवं दार उचलून निघाले. यसबा आडवा झाला. "दार न्यायला कोणाकोणाची मंजुरी?" दोघांनी हात वर केले. तिसऱ्याच्या डोक्यावर दार होतं. यसबा बाजूला झाला.

सारजानं ओढ्यापर्यंत पाठलाग करून दार आणलं. "पुन्हा कोणी आलं तर बडवा! काठी काय पाठ खाजवायला दिलीय?"

"बडवू का?" यसबानं गुरुजींना विचारलं.

"फौज अध्यक्षाच्या हुकमात असते. पण लढाई पुकारायची तर सभेला विचारावं लागतं."

"कळलं."

पाटलाचा रेडा येऊन भिंतीला शिंगं घासू लागला. यसबा काठी टेकवून सभा बोलवायला गेला. सभा भरली. चहा झाला, पान झालं, मंजुरी मिळाली. तोवर भिंत रेड्याच्या पाठीवर होती.

सारजानं भिंत पुन्हा उभी केली. चुना फासून घर पांढरंशुभ्र केलं. जत्रेत शिरपा नवा अध्यक्ष झाला, आणि दुसऱ्या दिवशी घरभरणी.

गुरुजी आले. "वा यसबा! अमेरिकेच्या अध्यक्षाचं घरही असंच पांढरं. पण ते त्याचं नसतं हं. मुदत संपली की भांडण न करता नव्या अध्यक्षाला सोडायचं."

"कळलं."

सारजा विहिरीवरून घागर घेऊन आली, तर पूजेच्या पाटावर शिरपा आणि त्याची बायको. तिच्या चुलीवर त्यांचं दूध उतू चाललेलं. यसबा दारात गाठोडं बांधून उभा.

"मुदत संपली, सारजे. भांडायचं नाही."

सारजानं मुसळ उचललं.

"थांब! आधी सभा!"

"घ्या सभा! माझे दोन हात वर. तिसरा तुमचा. झाले तीनात दोन!"

शिरपा बायकोसकट मागल्या दारानं पळाला. सारजानं पदर खोचला आणि पाटावर बसली. "या आता शेजारी."

यसबानं गाठोडं खांद्यावर टाकलं.

"आता कुठं?"

"सभा तू जिंकलीस. अध्यक्ष तूच. मग जुन्यानं घरात कसं राहायचं?"

भटजी जोडीसाठी मंत्र थांबवून बसले. यसबा भावाच्या पडवीत घोरत होता.