नागव्वाचा वरंबा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच राजा येतो, राक्षस येतो. ही गोष्ट तितकी जुनी नाही. हिच्यात डिझेलचा वास आहे. पण मुरमाळ गावात जाऊन विचाराल, तर 'मी डोळ्यांनी पाहिलंय' असं छातीठोक सांगणारं आज कोणी सापडत नाही, आणि टोकणारं कोणी उरलं नाही की कुठलीही गोष्ट फार वर्षांपूर्वीचीच होते. तेव्हा नीट मांडी घालून बसा, आणि मध्येमध्ये 'खरंच का?' म्हणून विचारू नका. असं म्हणतात, तेवढंच मी सांगणार आहे.

मुरमाळ हे नावाप्रमाणेच मुरमाचं गाव. वरून माती दिसते, वीतभर खाली गेलं की जमीन कुदळीला उलटी उडवून लावते. गावाच्या वरच्या अंगाला मातीकाम करणाऱ्या वडारांची पाच घरं होती. विहीर असो, बांध असो, घराचा पाया असो, जे खणायचं ते या पाच घरांनी खणायचं. पाच घरांची मिळून एक टोळी होती आणि टोळीचा एक कायदा होता. वाटा माणसाला नाही, कुदळीला. कामावर आलेल्या प्रत्येक कुदळीला सारखा वाटा, मग ती कुदळ गड्याच्या हातात असो, बाईच्या हातात असो, नाहीतर मुलगा तापाने फणफणलाय म्हणून त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या हातात असो.

टोळीचा मुकादम होता सायाप्पा. तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने बायकोला, नागव्वाला, जवळ बसवून घेतलं आणि म्हणाला, "टोळी तुज्या पदरात घालतो. एक बी कुदळ पडून ऱ्हाऊ देऊ नगंस." तो गेल्यावर बाईमाणसाला मुकादम म्हणायचं कसं, असा सगळ्यांना प्रश्न पडला. तेव्हा सायाप्पाचा धाकटा भाऊ तिमाप्पा पुढे झाला, आपली कुदळ तिच्या पायाशी ठेवली आणि आज काम कुठं आहे म्हणून विचारलं. मग दुसऱ्या कोणाची काही बोलायची टाप नव्हती. दिराचे हे उपकार नागव्वा जन्मभर विसरली नाही.

असं म्हणतात, की नागव्वाने आखलेल्या चरात दोरी धरून पाहिली तर दोरीच वाकडी निघायची. भाकरीसुद्धा ती मोडायची ती बरोबर मधोमध.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग बाहेरून यंत्रं येऊ लागली. आज ज्याला शेंबडं पोरही जेसीबी म्हणतं, ते तेव्हा पहिल्यांदा त्या भागात आलं. पुढे सूप, मागे लांब हात, हाताच्या टोकाला दातांची बकेट. टोळीने आठवडाभर खपून खणावं, ते यंत्र न्याहारीआधी खणून मोकळं व्हायचं. काम देणारे गुत्तेदार टोळीला ओळख दाखवेनासे झाले. आसपासच्या टोळ्या फुटल्या, माणसं शहरात कुठेकुठे पांगली. नागव्वाने बरेच दिवस विचार केला आणि एका सकाळी सांगून टाकलं, की आपणच यंत्र घ्यायचं.

टोळीने गाढवं विकली. नागव्वाने अंगावरची चांदी उतरवली. मग गावातल्या सगळ्यांत अरुंद बोळाची रुंदी तिने दोरीवर घेतली, दोरीला गाठ मारली आणि मुलाला, हणमंताला, घेऊन हायवेवरच्या जुन्या यंत्रांच्या बाजारात गेली. विकणारा मोठ्या, चकाचक रंगवलेल्या यंत्रापुढून हलेना. नागव्वाने दोरी लावून पाहिली आणि ते बोळात शिरायचं नाही म्हणून पुढे निघाली. बारीक यंत्र दाखवलं, तर त्याला रुंद बकेट. ती म्हणाली, हातभर चराला दोन हात खणायचं आणि उरलेलं पुन्हा बुजवत बसायचं, हा कुठला धंदा? शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एक जुनं यंत्र तिला पसंत पडलं. बोळातून जाईल असं, बकेट अरुंद. तिने ते चालवून दाखवायला सांगितलं नाही, खणून दाखवायला सांगितलं. यंत्राने बाजाराच्या त्या घट्ट जमिनीतही तोंड घातलं, पण तिथेच अडलं, कारण बकेटला एकही दात नव्हता. झिजून, तुटून तोंडाचं पार बोळकं झालं होतं.

विकणारा नवे दात घ्या म्हणाला. नागव्वा म्हणाली, "दात घरचे लावीन." तो माणूस पुढे किती दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगून हसत होता म्हणे.

घरचे म्हणजे कुठले, ते ऐका. बकेटला पाच दातांची जागा होती आणि टोळीत पाच घरं. नागव्वाने प्रत्येक घराकडे कुदळ मागितली. कादर लोहाराच्या भट्टीत त्या कुदळींचे दात घडवायचे, ते बकेटला बसवायचे, म्हणजे यंत्र खणेल तेव्हा पाचही कुदळी कामावर. कायदा जसाच्या तसा. दाताला वाटा. तिने सायाप्पाची कुदळ सगळ्यांत आधी भट्टीत टाकली. आणखी तीन घरांनी दिली. तिमाप्पाने दिली नाही.

तो दारात कुदळ मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, "माजी कुदळ माज्या हातानं चालंल. न्हाई चालली तर वाटा बी नगं." त्या दिवसापासून तो वहिनीशी बोलायचा बंद झाला. पहिल्या कामाचा वाटा नागव्वाने त्याच्या घरी पाठवला, तो तसाच परत आला. माणूस मानी होता आणि घरात खाणारी तोंडं होती. नागव्वाला जेवण गोड लागेना. नवऱ्याचा शेवटचा शब्द तिने पाळला होता, पण चारच कुदळींपुरता.

बकेटला चार दात बसले होते, दोन इकडे, दोन तिकडे, आणि मधली जागा रिकामी. गावाने यंत्राचं नाव बोळकी ठेवलं. बोळकी खणायला लागली की चराच्या तळाशी मधोमध मुरमाचा एक वरंबा तसाच राहायचा, फटीतून सुटलेला. सगळे म्हणाले, तिथे बाजारातला दात बसव. नागव्वा म्हणाली, ती जागा भावजींची आहे. आणि पुढचा चर झाला तशी ती तिमाप्पाच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि हाक मारली, "भावजी, वरंबा ऱ्हायलाय."

तिमाप्पा उठला. तिच्याकडे बघितलंही नाही, पण कुदळ खांद्यावर टाकून चरात उतरला आणि वरंबा तासून काढला. संध्याकाळी वाटा आला तो ठेवून घेतला, कारण कुदळ चालली होती.

मग हे रोजचंच झालं. बोळकीने खणायचं, नागव्वाने जाऊन हाक मारायची, "भावजी, वरंबा ऱ्हायलाय", आणि तिमाप्पाने वरंब्यावर बसून तो तासायचा. वहिनीशी अबोला, पण बोळकीशी तो खूप बोलायचा. एवढं डिझेल पितेस आणि म्हाताऱ्याच्या हाताशिवाय तुझं चालत नाही, असं तिला रोज सुनवायचा. फट मुद्दाम ठेवलीय हे त्याला कळलं होतं की नव्हतं, यावर मुरमाळात आजही दोन पक्ष आहेत. मला विचाराल तर, एवढा मुरूम ओळखणारा माणूस, त्याला वहिनी ओळखता येत नसेल?

पुढे गावात नळाचं पाणी यायचं ठरलं आणि पाइपासाठी चर खणायचं काम टोळीला मिळालं. बिरोबाच्या देवळामागे चर खोल घ्यायचा होता. एका बाजूला देवळाची भिंत, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण, माती लांब टाकायला जागाच नाही. ती काठावरच साठत गेली. भर दुपारी तिमाप्पा तळाशी वरंबा तासत असताना तो काठ ढिगासकट त्याच्या अंगावर बसला.

सगळी टोळी धावली, हातांनी माती उपसू लागली. एक पाटी काढावी तर दोन पाट्या खाली घसरत होत्या. तिमाप्पाचं काही दिसत नव्हतं. मातीबाहेर कुदळीच्या दांड्याचं टोक तेवढं आलं होतं. नागव्वाने त्या टोकाकडे एकदा बघितलं आणि हणमंताला बोळकी लावायला सांगितली.

हणमंताने बोळकी काठाशी आणली आणि तिथेच थांबवली. तो म्हणाला, "आये, काकाला दात लागत्याल. माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

नागव्वा म्हणाली, "भावजी वरंब्यावर हाईत. ते दुसरीकडं कुटं असनार? उतर खाली."

आणि ती स्वतः वर चढली. असं म्हणतात, की यंत्राच्या दांड्यांना तिने त्याआधी कधी हात लावला नव्हता. रोज शेजारी उभं राहून काम घ्यायची तेवढंच. तिने कुदळीच्या दांड्याचं टोक आणि बकेटमधली फट एका रेषेत आणली, जशी ती चर आखताना दोरी आणायची, आणि बकेट खाली सोडली. बघणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. बोळकीचा आवाजसुद्धा त्या वेळी बंद झाला होता असं म्हणतात. आता यंत्र बंद पडल्यावर बकेट वर कशी आली, ते मला विचारू नका.

बकेट वर आली, मातीने भरलेली, आणि मातीत तिमाप्पा बसलेला, कुदळ पोटाशी धरून. दोन दात इकडून गेले होते, दोन तिकडून. बंडीच्या दोन्ही बाह्या फाटल्या होत्या, अंगावर साधा ओरखडा नव्हता. गावातल्या बायका सांगतात, त्यातला एक दात सख्ख्या भावाच्या कुदळीचा होता, तो त्याला लागेलच कसा?

तिमाप्पाने तोंडातली माती थुंकली, डोळे पुसले आणि यंत्र आल्यापासून पहिल्यांदाच वहिनीशी बोलला. म्हणाला, "वैनी, वरंबा अजून ऱ्हायलाय."

नागव्वा वर बसल्या बसल्या पदर तोंडाला लावून लहान मुलीसारखी रडली.

दुसऱ्या दिवशी तिमाप्पा आपली कुदळ घेऊन कादर लोहाराकडे गेला आणि हिचा दात घडव म्हणाला. कादरने भाता मारायला घेतला, तोवर नागव्वा येऊन पोचली. तिने कुदळीवर हात ठेवला.

"ती फट बुजली, तर रोज तुमच्या दाराशी येऊन मी काय म्हनू?" ती म्हणाली.

तिमाप्पाने तिच्या हाताखालून कुदळ काढून घेतली. मग ती खांद्यावर टाकून तो कामावर गेला.

पुढे तो पिकल्या वयात वारला. त्याचे दिवस झाल्यावर पहिल्या कामाच्या वेळी नागव्वा सवयीने त्याच्या दाराशी गेली, हाक मारली आणि मग तिथेच थांबली. कोपऱ्यात कुदळ उभी होती. तिने ती स्वतः खांद्यावर घेतली, चरात उतरली आणि वरंबा काढला. संध्याकाळी वाटा तिमाप्पाच्या घरी गेला, कारण त्याची कुदळ चालली होती. बोळकीची फट शेवटपर्यंत कोणी बुजवली नाही.

आता नागव्वाही नाही, बोळकीही नाही. पण त्या भागात आजही कोणी यंत्र घेतलं, नवं असो की जुनं, जेसीबी असो की मोठं पोकलेन, तर हार घालून नारळ फोडायच्या आधी बकेटचा मधला दात काढतात. पहिला चर चारच दातांनी खणतात. तळाशी वरंबा राहतो, त्याला नागव्वाचा वरंबा म्हणतात. मग यंत्र बंद करून मालक स्वतः चालत निघतो, गावात सगळ्यांत म्हातारी कुदळ ज्याच्या घरी असेल त्याच्या दाराशी उभा राहतो. आत म्हातारा असो की म्हातारी, नात्याने आजा लागो की कोणी न लागो, हाक तीच मारायची, "भावजी, वरंबा ऱ्हायलाय."

कोणाची कंबर वाकलेली असते, कोणाला दिसत नसतं, कोणाला धरून न्यावं लागतं. कुदळ उचलवत नाही म्हणून मालक दांड्याला आपला हात लावतो. त्या दिवशीचा एक वाटा त्या कुदळीचा. पण त्या हाकेला 'मी येत नाही' असं अजून कोणी म्हटलेलं नाही, असं म्हणतात.