न फोडलेली पुडी

"...म्हणजे अमाप पैसा आला की जमवण्यातली मजा जाते, असंच ना बुवा? हो की नाही, एवढंच सांगा."

बुवांनी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप त्याच्याकडे सरकवलं.

त्याचं सुपाकडे लक्षच नव्हतं. हात मांडीवर आणि डोळे समोरच्या कोनाड्यावर. मी मनात म्हटलं, लेका, प्रश्न विचारायला आलेला माणूस उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, कोनाड्याकडे नाही.

हा मकरंद बेडके. मूळचा फलटणचाच, आता पुण्याला. पन्नाशी ओलांडलेला. डाळिंबाच्या रसाचे कारखाने काढले, वाढवले, विकले, आणि आता पैशाला वाट कुठून काढून द्यावी हे त्याला कळत नाही. एवढ्या मोठ्या माणसाला वेड कशाचं, तर क्रिकेटच्या कार्डांचं.

हसू नका. आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पुडीत ही कार्डं यायची. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या धावा आणि बळी. सोबत गुलाबी च्युइंगमची पट्टी, दोन मिनिटं गोड आणि मग नुसतं रबर. मीही जमवायचो. पुढे गावोगावच्या सामन्यांत पंच म्हणून उन्हात उभा राहून माझं टाळकं पिकलं, पण अजूनही कुणी कार्ड म्हटलं की माझे कान टवकारतात.

म्हणून तर त्या दिवशी मी घरी जायला उठलो होतो, तो परत बसलो.

धुंडीबुवांची मठी फलटणच्या पलीकडे टेकडीवर आहे. दर गुरुवारी प्रसादाला दाणे लागतात, आणि शेंगा फोडायला जो येईल तो चालतो. येणारा कितीही मोठा असो, बुवा त्याच्यापुढे आधी सूप सरकवतात.

"फोड की," बुवा म्हणाले. "बसलायस तर हात चालव."

मकरंदनं शेंगा फोडायला घेतल्या. फोडता फोडता बोलायला लागला.

त्यानं काय काय जमवलंय ते ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आम्ही पोरं ज्या कार्डांसाठी आठ आठ दिवस झुरायचो, ती त्याच्याकडे ढिगानं. दिल्लीहून आणलेली, लंडनहून आणलेली, कुणाकुणाच्या म्हाताऱ्या आईच्या ट्रंकेतून काढलेली. बोट दाखवायचं की हजर. आणि आता म्हणे कपाट उघडायला हात जात नाही. महिनोन्महिने कुलूप निघत नाही. सांगताना त्याचा चेहरा इतका पडला की माझा हेवा जरा कमी झाला.

"सगळा पैसा वाटून टाकू का, बुवा?" त्यानं विचारलं.

"टाक की."

"मग मजा येईल?"

"ते मला काय ठाऊक? पण वाटून टाक. ज्यांना मिळेल त्यांना तरी येईल."

मी खाली मान घालून हसलो. मकरंदच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण थट्टेचं बोलत नाही, हे दाखवायला त्यानं गोदामाची गोष्ट काढली.

ती च्युइंगमची कंपनी बुडाली तेव्हा तिचा उरलेला माल एका गोदामात तसाच पडला होता. खोक्यांवर खोकी, सगळ्या पुड्या बंद. मकरंदनं अख्खं गोदाम घेतलं. त्याच्या संचात कमी होता एकच खेळाडू, वसू कोलते. डावखुरा फिरकीवाला. फार खेळला नाही बिचारा, आणि त्याचं कार्ड निघालं न निघालं तोच कंपनी बंद पडली. ते कार्ड सापडणं म्हणजे देव भेटण्यासारखं. माझ्या गल्लीत तर कुणी बघितलंही नव्हतं.

"मग? निघाला?" मी मध्येच तोंड घातलं.

नाही निघाला. सगळं गोदाम पालथं घातलं, बाकीचे सगळे निघाले, कोलते नाही.

एवढं सांगून तो पुन्हा शेंगांकडे वळला. एक शेंग फुटली आणि तो एकदम ताठ झाला.

"चार दाणे!"

चिमटीत धरून त्यानं ती आम्हाला दाखवली. खरोखर चार, एका रांगेत. मग आपण कुठं बसलोय हे ध्यानात आलं असावं. ओशाळून त्यानं दाणे सुपात टाकले.

बुवांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"गोदामातल्या पुड्या कोण फोडत होतं?"

"माणसं लावली होती."

"आणि तू?"

"मी पुण्याला. माझ्याकडे कार्डं यायची. निवडलेली, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली."

"त्यांना मजा आली?"

"कुणाला?"

"फोडणाऱ्यांना."

मकरंदनं सांगितलं ते असं. एकदा तो न कळवता गोदामावर गेला. गाडीतून उतरला तर रस्त्यापर्यंत आरडाओरडा ऐकू येत होता. त्याला वाटलं मारामारी झाली. आत जाऊन बघतो तर माणसं जेवणाचे डबे बाजूला सारून पुड्या फोडत होती. कुणाला हवा तो फलंदाज निघाला की बाकीचे त्याच्या पाठीत गुद्दे घालत होते. एका पुडीवरून दोघांची चांगलीच जुंपली होती, तू मघाशी फोडलीस, आता मी. गालात च्युइंगम कोंबलेलं, बोलणं धड कळत नव्हतं.

"मग तू काय केलंस?"

"दटावलं. म्हटलं गोंगाट बंद. काम करा."

"म्हणजे मजा होती की तिथं," बुवा म्हणाले आणि पुढची शेंग उचलली.

मकरंदच्या हातातली शेंग न फुटताच सुपात पडली.

मग त्यानं खरं काय ते सांगितलं. प्रश्नबिश्न सगळा वरचा कागद होता, आतला माल हा.

शाळेत असताना त्याचा एक जिवलग होता, इलियास अत्तार. दोघांकडेही एका पुडीपुरते पैसे कधी नसायचे. दोघं मिळून एक पुडी घ्यायचे आणि पाळी लावायचे. एकाला कार्ड, दुसऱ्याला च्युइंगम. पुढच्या पुडीला उलट. आमच्याकडेही हीच रीत होती, आणि पाळी मोडणाऱ्याला गल्लीत कुणी उभं करत नसे.

एक दिवस पुडी फोडली आणि कोलते निघाला. पाळी इलियासची होती.

मकरंदच्या वाट्याला च्युइंगम. ते त्यानं इलियाससमोर गटारात टाकलं आणि तो चालू लागला. त्यानंतर दोघांनी मिळून पुडी घेतली नाही. पुढे शाळा सुटली, गाव सुटलं, ओळखही सुटली.

गोदाम रिकामं झाल्यावर त्याला इलियासची आठवण झाली. इलियास फलटणलाच आहे, शिवणयंत्रं दुरुस्त करतो. मकरंद दुकानात गेला आणि बसता बसताच कोरा चेक पुढे केला. इलियासनं चेक उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. मग कोलते काढून दाखवला. कोपरे मऊ झालेले, बाकी जसाच्या तसा. मकरंद म्हणतो, हात लावू दिला, नाही असं नाही. पण विकायचं म्हटल्यावर इलियास नुसता हसला.

"काय म्हणाला?" बुवांनी विचारलं.

"म्हणाला, ही पाळी माझी होती, मक्या. पुढची तुझी. पुडी घेऊन ये."

आता पुडी आणायची कुठून? जगातल्या उरल्यासुरल्या सगळ्या पुड्या ह्या शहाण्यानं स्वतःच माणसं लावून फोडून घेतलेल्या. मला हसावं की रडावं कळेना.

त्याचा हिशोब सरळ होता. पुडी मिळाली की ती इलियासला द्यायची, तो कोलते देईल, कोलते आला की संच पुरा, आणि संच पुरा झाला की कपाट उघडायची इच्छा परत होईल. नाहीतर हे सगळं कशासाठी केलं, असं म्हणाला.

आणि कोनाड्याचं गुपित हेच. खालच्या शाळेतली पोरं परीक्षेच्या आधी, सामन्याच्या आधी इथं नवस बोलतात. गोट्या वाहतात, भोवरे वाहतात. पूर्वी कधी तरी एका पोरानं च्युइंगमची पुडी वाहिली होती, न फोडता. त्या वयात ह्याहून मोठा त्याग नाही. बुवांनी ती एका पितळी डबीत घालून कोनाड्यात ठेवली, ती तशीच राहिली. मकरंदला तिचा पत्ता कुणी दिला कोण जाणे. पैसेवाल्याला पत्ते सापडतात.

त्यानं बोलायला सुरुवात केली. सभामंडप बांधून देतो, वरपर्यंत डांबरी रस्ता करून देतो, दिवे लावतो. बुवा ऐकत ऐकत उठले. डबी काढली, झाकण उघडलं आणि पुडी त्याच्या तळहातावर ठेवली.

"घे."

"पण बुवा, मोबदला..."

"घे म्हटलं ना. रस्ता केलास तर गाड्या वर येतील. मग शेंगा कोण फोडणार?"

मकरंदनं पुडीकडे पाहिलं आणि काय सांगू तुम्हाला, माणूस बदलला. वरचा कागद पार विटलेला, बॅट उगारलेला खेळाडू जेमतेम दिसत होता. त्यानं पुडी नाकाशी नेली. डोळे मिटले.

"वास आहे अजून. बुवा, वास आहे!"

मग कानाशी नेऊन हलवली. अंगठ्यानं दाबून कार्डाची कड चाचपली. दारात जाऊन उन्हासमोर धरली. आम्ही पोरं अगदी हेच करायचो, उन्हात आतली सावली दिसते म्हणून. मला कुठलं राहवतंय. मीही उठलो आणि त्याच्या खांद्यावरून डोकावू लागलो.

"डावा हात वर आहे बघा," तो म्हणाला.

"तो हात कसला, बॅट आहे ती."

"पंच आहात ना तुम्ही? नीट बघा. बोटं दिसतायत. फिरकीची पकड आहे."

मी नीट बघितलं. काळं काहीतरी होतं. हात म्हटलं तर हात, बॅट म्हटलं तर बॅट. माझंही काळीज धडधडायला लागलं. साठीला आलो, सामन्याच्या शेवटच्या चेंडूलाही आता असं होत नाही. आम्ही दोघं दारात उभे राहून एका पुडीवरून भांडत होतो, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो हसत होता. पूर्वी पुडी हातात आली की व्हायचं तसंच होतंय, तो म्हणाला. त्या गटारापाशी सोडून आलो होतो, ते आज परत झालं.

"अहो मग फोडा की," मी म्हटलं. "किती जीव टांगणीला लावाल?"

इलियास, संच, हिशोब, सगळं तो विसरला होता. मीही विसरलो होतो. त्यानं पुडीच्या कडेला नख लावलं. कागद जुना, नुसत्या स्पर्शानं कोपरा सुटला. आतली गुलाबी कड दिसली.

"च्युइंगम कुणाचं?" मागून बुवांनी विचारलं.

मकरंदचं नख तिथंच थांबलं...

मग त्यानं सुटलेला कोपरा पुन्हा बसवला, अंगठ्यानं हलकेच दाबला.

"इलियासचं," तो म्हणाला.

आणि जो पळाला. नमस्कार नाही, निरोप नाही. खिशावर हात घट्ट धरून टेकडीवरून खाली. अर्ध्या वाटेवर पायाला खडे टोचले तेव्हा कळलं, चपला वरच राहिल्या. तसाच धापा टाकत परत आला. एका पायात चप्पल सरकवता सरकवता त्याला काहीतरी सुचलं आणि चेहरा उतरला.

"बुवा, ही शेवटची पुडी. मुलखात दुसरी नाही, मीच ठेवली नाही. आणि आत कोलते नसला तर?"

बुवांनी सुपातली शेंग उचलली, पुडी हलवावी तशी कानाशी नेऊन हलवली.

"मग पुढची पाळी इलियासची."